तळाले भोक नसलेली वाटी

३ नोव्हेंबर
पूनमच्या फोनवर पेटंट ऑफिसचा कागद आला. २४ तारखेले सुनावणी. यात नाही म्हटलं की संपलं म्हणे. पोरीनं ताटाले हात लावला नाही. सूनबाई ताट झाकून ठेवून राहिली होती. मी म्हटलं, वंदना, झाकू नको, मी खाते. तवा पूनम उठली अन् जेवली. नात माझी, पण हट्ट सगळा बापाचा.

पूनमनं केलेला डबा आज पहिल्यांदा नीट हातात घेतला. दोन वर्षांपासून घरात डबा डबा ऐकून राहिली, पाहिला नव्हता. लिंबाएवढा, बिनरंगाचा, आरपार दिसणारा. कोणाच्या पोटातून, छातीतून सुईनं तुकडा काढतात, कॅन्सर आहे का पाहाले. तो तुकडा अशा डब्यात, औषधाच्या पाण्यात बुडवून पूनमच्या लॅबमध्ये येते. तुकडा म्हणजे शेवईची कणी. कधी झाकणाले चिकटते, कधी गाळायच्या जाळीत अडकते, कधी सापडतच नाही. मग त्या माणसाले बोलवा अन् पुन्हा टोचा. एका म्हाताऱ्याले असा फोन पूनमलेच करा लागला. तो म्हणे, बेटी, पहलेवाला कहाँ गया. तवापासून ही डब्याच्या मागं लागली.

हिच्या डब्यात झाकणाखाली एक वाटी लटकते. झाकण उघडलं की वाटी वर, तुकडा वाटीत. वाटीच्या बाजूले भोकं आहेत, तळाले एकही नाही. म्हणून वर काढली तरी तळाशी चमचाभर पाणी राहते. तुकडा त्यात पडून राहते, चिकटत नाही. बस, एवढंच.

मले विचारते, आजी, कसं वाटते?
मी म्हटलं, वाटीले तळ असतेच वं. एक भोक नाही पाडलं, त्याचं पेटंट मागून राहिली?
"पेटंटच्या साहेबानं बी तेच लिहिलं," म्हणे. अन् डबा माझ्या हातातून काढून घेतला.

५ नोव्हेंबर
साहेबाचं म्हणणं काय, ते पूनमनं समजावलं. दुसऱ्याले सांगताना आपलं पक्कं होते म्हणे. मी बसली लसूण सोलत.

दोन जुन्या पेटंटचे कागद काढले साहेबानं. एक अमेरिकेचा. त्यात झाकणासंगं टोपली वर येते, पण टोपलीले खालून जाळी. दुसरा जपानचा. त्यात बंद तळाची वाटी आहे, पण ती सुट्टी, झाकणाले लटकवलेली नाही. साहेब म्हणते, कोणताही जाणकार माणूस हे दोन कागद बाजूबाजूले ठेवन अन् तुमचा डबा करन. यात सुचायसारखं काही नाही, उघड आहे.

मी विचारलं, हा जाणकार माणूस कोण?
"कोणीच नाही आजी. कायद्यानं धरलेला माणूस. त्यानं या धंद्यातला एकूण एक कागद वाचलेला असते. पण त्याले नवीन काही सुचत नाही."
"सगळं वाचलेलं, अन् सुचत काहीच नाही?"
"हो."
"असे तं आपल्या समाजाच्या कमिटीत बसले आहेत."

हसली. मग म्हणे, ते दोन कागद किती वर्षांपासून पडून आहेत. मग आजपर्यंत कोणीच काहून नाही जोडले? सगळे जाळी बारीक करत बसले. बारीक, आणखी बारीक. जाळीच काढून टाकावी, हे कोणाच्या डोक्यात नाही आलं.

मी म्हटलं, हे साहेबाले सांग.
"सांगितलं लिहून. ते म्हणतात, कोणाच्या डोक्यात नाही आलं याचा पुरावा काय."

७ नोव्हेंबर
गुडघा ठणकून राहिला. तेल लावलं. काही उपयोग नाही.
पूनम दुपारच्या ड्युटीले. तिचा डबा टेबलावर होता. शेवईची कणी भिजवून त्यात टाकली, हलवलं, उघडलं. कणी वाटीत. मग चहाच्या गाळणीत टाकून पाहिली. चिकटली. नखानं काढा लागली, तर तुटली.
पूनमले सांगितलं नाही. उगाच चढून बसन.

१० नोव्हेंबर
पूनमसंगं सीताबर्डीले वकीलबाईकडे. मेट्रोनं. मले कायले नेते, विचारलं. म्हणे, तू असली की मी रडत नाही. हे काय कारण झालं?

वकीलबाई बारीक, चष्म्यावाली, पेटंटचंच काम करते. पूनमले एकेक विचारत गेली. अर्ज करायच्या आधी डबा कुठं दाखवला? प्रदर्शनात? कॉलेजात? कोणाले विकला, दिला? पूनम सगळ्याले नाही म्हणे. बाई म्हणे, हे पक्कं पाहिजे. आधी लोकांच्या हातात गेलेला डबा नवीन धरत नाहीत, मग उघड आहे की नाही हा वादच उरत नाही. मिहानमधली जी कंपनी डबा बनवाले तयार आहे, ती पण बनवायच्या आधी हेच लिहून मागून राहिली. पूनम म्हणे, देईन लिहून.

बाकी बाईले पुरावा पाहिजे. डबा पाहून एखाद्याले वाटलं असन की हे चुकीचं आहे, असं काही. म्हणे, उघड गोष्ट लोकांले चुकीची वाटत नाही.
हे माझ्या डोक्यात बसलं.

येताना पूनमनं समोसा घेऊन दिला. तेल शिळं होतं.

१२ नोव्हेंबर
समोरच्या कुंदाकडे बसाले गेली. ती खसखस धुवून राहिली होती. गुलाबी, लिंबाएवढ्या वाटीत. वाटीच्या डोक्यावर झाकण.
मी म्हटलं, हे कुठून आणलं?
"घ्या. तुमच्याच घरचं. वंदनानं संक्रांतीच्या हळदीकुंकवाले वाण नव्हतं का दिलं? दोन वर्षं झाले. तुम्ही अंदर होत्या तवा."

अंदर होती हे खरं. हळदीकुंकवाच्या दिवशी मी आतच बसते. बाया आपसात बसतात, मले कोणी बोलवत नाही, मले बी मधे यायची हौस नाही.

कुंदा पुढं सांगून राहिली, "एक सांगू? राग नका धरू. वाण खोटं निघालं. खाली भोकंच नव्हते. मी वंदनाले म्हटलं नाही, म्हटलं फुकटची वस्तू. मग यायनं सुई तापवून पाडले. आता बघा कसं गळते."

वाटी पालथी करून दाखवली. तळाले बारीक बारीक भोकं, काही वाकडी. कुंदाच्या नवऱ्याचा जन्म बाल्ट्या-मगाच्या कारखान्यात गेला. प्लास्टिक त्याले कळते. तो आतून बोलला, "साचा खराब असन त्यायचा, काकू. भोकाच्या पिना तुटल्या असन. होते असं."
मी म्हटलं, ही वाटी मले दे. बदल्यात चांगली गाळणी देते.
कुंदानं माझ्याकडे पाहिलं. दिली.

संध्याकाळी.
पूनम आली तशी वाटी तिच्या हातात ठेवली, कुंदाचं अन् तिच्या नवऱ्याचं सगळं सांगितलं. भोकं पाहिले, हसाले लागली, "आजी, हेच पाहिजे होतं. प्लास्टिकवाल्या माणसानं हे पाहून चूक आहे म्हणून दुरुस्त केलं, म्हणजे..." अन् तिथंच थांबली. रंग पाहिला. खाली बसली.

हिंगण्याच्या साचेवाल्यानं पहिला घाणा गुलाबी रंगाचा काढून दिला होता. हिले आरपार पाहिजे होता. थैली बांधून हिनं माळ्यावर टाकली. ते तिळगुळाचे दिवस होते. पेटंटचा अर्ज गेला त्याच्या नंतर, फेब्रुवारीत.

पूनम हळूच म्हणे, "म्हणजे आधी गल्लीभर वाटून झाला."
वंदना पोळ्या करून राहिली होती. तिचं लाटणं थांबलं.

१३ नोव्हेंबर
भांडण. थोडक्यात लिहिते.
वंदना: माळ्यावर टाकलेली थैली, कामाची आहे हे मले काय माहीत? चांगले डबे, कुंकवाले छान. वाणाले स्टीलच्या वाट्या आणायच्या तं पैसे कोण देते?
पूनम: एक शब्द विचारायचा होता.
वंदना: तू घरात असते कवा? विचारायले बी ड्युटी लावू का?
माझा पोरगा मधे पडला. दोघींनी मिळून त्याले गप्प केलं. त्या एका गोष्टीत मायलेकी एक.

मले वंदनाचं चुकलं असं काही वाटत नाही. पूनमचं बी नाही. माळ्यावर टाकलेली वस्तू घरातल्या बाईची असते, हे या घरात कोणी कोणाले शिकवलं नाही.

१४ नोव्हेंबर
मी उपाय काढला. सगळ्या घरी जाते अन् डबे परत आणते. कोणी विचारलं तर म्हणते प्लास्टिक खराब निघालं, विषारी आहे.
वंदनानं ऐकलं तशी तिच्या हातचा चमचा पडला. "आई, दिलेलं वाण परत मागता? मले गल्लीत तोंड दाखवाले जागा ठेवा."
पूनम म्हणे, आणून फायदा नाही आजी. दिलं ते दिलं. परत घेतल्यानं न दिलेलं होत नाही.

तरी गेली मी. कोपऱ्यावरच्या निमाकडे. डबा देवघरात होता, मले लांबूनच दिसला. त्यात कुंकू भरलेलं. वाटीचा भाग तिनं काढून फेकला होता, काय कामाचा म्हणून.
मी पाणी पिऊन आली. हात लावला नाही डब्याले.

१६ नोव्हेंबर
वकीलबाईले फोन. स्पीकरवर ठेवला, मी बी ऐकलं.
पूनमनं सगळं सांगितलं, बाईनं तारखा लिहून घेतल्या. मग म्हणे, दोन रस्ते आहेत. एक, कोणी विचारलं नाही तं बोलायचं नाही. दुसरा, कायद्यात एक कलम आहे. शोध लावणाऱ्याले न विचारता दुसऱ्यानं वस्तू बाहेर दिली असन, तर ते धरत नाहीत. पण त्यासाठी आईले लिहून द्यावं लागन की मुलीले न विचारता दिलं. अन् तरीही साहेबानं मान्य केलंच पाहिजे असं नाही.
"पहिला रस्ता सोपा आहे," बाई म्हणे.
पूनम म्हणे, "मग कंपनीले काय लिहून देऊ?"
"ते तुम्ही ठरवा."

वंदना दारात उभी होती. "म्हणजे मी चोरी केली असं लिहून देऊ? पोरीच्याच वस्तूची चोरी, कोर्टाच्या कागदावर?" अन् अंदर गेली.

१८ नोव्हेंबर
घरात कोणी कोणाशी बोलत नाही. बोलायचं असलं की माझ्याशी बोलतात, दुसऱ्याले ऐकू जाईल असं. "आजी, चहा झाला का विचार." "आई, झाला म्हणा." मी टेलिफोन झाली.
मुळ्याची भाजी. खारट. कोणी बोललं नाही त्यावर बी.

२१ नोव्हेंबर
पूनमनं विचारलं, आजी, तू असती तर गप्प राहिली असती?
मी म्हटलं, हो.
"मग मी राहू?"
"मी म्हटलं ना, मी असती तर. तू माझ्यासारखी असती तं लॅबमध्ये नसती. त्या म्हाताऱ्याले फोन केला तवा सांगितलं होतं ना, तुकडा हरवला म्हणून?"
"हो. बाकीचे म्हणे सँपल खराब झालं सांग."
"मग झालं."
हे बोलून गेली अन् मग वाटलं, काहून बोलली. पोरीचं नुकसान करून बसली. पण ती उठून गेली होती.

२४ नोव्हेंबर
सुनावणी घरीच, लॅपटॉपवर. साहेब त्यांच्या ऑफिसात, वकीलबाई तिच्या ऑफिसात, पूनम आमच्या समोरच्या खोलीत. पांढरा कुर्ता, केस बांधलेले. मी कोपऱ्यात, पडद्यावर दिसणार नाही अशी. वंदनानं कुकर चढवला नाही, शिट्टी नको म्हणून. सांगितलं कोणी नव्हतं.

साहेब तरुण निघाले. मले वाटलं होतं म्हातारा असन, कारण बोलणं तसं लिहिलेलं. इंग्रजीत सुरू झालं, मग हिंदीवर आले. वकीलबाई जपान, अमेरिका, जाळी बारीक, सगळं बोलली. साहेब ऐकून घेत होते. मग म्हणे, "मैडम, देखने के बाद तो लगता है, इसमें है क्या. यही मेरी दिक्कत है."
वकीलबाई म्हणे, सर, पाहिल्यावर सगळ्यांलेच वाटते, म्हणून तं पाहायच्या आधीचा माणूस धरायचा असते.
"वो आदमी मैं कहाँ से लाऊँ?"

तवा पूनम बोलली. वकीलबाईनं हात वर केला, थांब म्हणून. ही थांबली नाही. गुलाबी वाटी कॅमेऱ्यासमोर धरली.
"ये छेद किसने किए?"
"पड़ोस के काका ने. प्लास्टिक की फैक्ट्री में थे. उनको लगा छेद छूट गए हैं."
साहेब जवळ वाकून पाहत होते. मग सावकाश विचारलं, "इनके पास ये कब से है?"
पूनमनं सांगितलं. संक्रांत. अर्जाच्या आधी.

वकीलबाईनं डोळे मिटले. पडद्यावर स्पष्ट दिसलं.
साहेब पाठ टेकून बसले. "आपको पता है, आपने अभी क्या बताया?"
"जी."
"आपकी इजाज़त से दिए थे?"
मागं दाराच्या पडद्याआड वंदनाच्या बांगड्या वाजल्या. मग पूनम म्हणे, "मुझे पता नहीं था, सर. मम्मी ने दिए. उनको भी पता नहीं था ये क्या है."
साहेब म्हणे, जे म्हणायचं ते पंधरा दिवसांत लिहून पाठवा. आईचं शपथपत्र लावा. मग पाहतो.

लॅपटॉप बंद. वंदनानं कुकर चढवला.

२५ नोव्हेंबर
वकीलबाईचा फोन. चिडली असन वाटलं. चिडली होतीच. पण म्हणे, ते काकांचं भोकाचं मी स्वतः याहून चांगलं मांडू शकली नसती. काका लॅबचा माणूस नाही ही अडचण आहे, पण साचा त्याले कळते. पाहू.
कुंदाचा नवरा आता गल्लीत सांगत फिरून राहिला की त्याचं नाव सरकारी कागदावर जाणार. भोकं वाकडी पडले ते कोणाले सांगत नाही.

२८ नोव्हेंबर
शपथपत्राचा मसुदा आला. पूनमनं टेबलावर ठेवला अन् ड्युटीले गेली. आईले काही म्हटलं नाही. वंदनानं दिवसभर त्याच्या बाजूनं झाडलं, पुसलं, कागद उचलला नाही.
चार वाजता उचलला. माझ्यासमोर बसून वाचला. मोठ्यानं, कारण माझा चष्मा सापडत नव्हता. एका जागी थांबली.
"डबे अज्ञानामुळे वाटले, असं लिहिलं."
तिनं कागद टेबलावर ठेवला.
"आई, मी अज्ञानी नाही. डबा मले आवडला म्हणून दिला. पोरीनं केलेला डबा, घरात कोणी पाहिला नाही, सगळे म्हणे लॅबचं काही आहे. मले सुंदर वाटला. म्हणून हळदीकुंकवाले काढला."
मी म्हटलं, मग तसं लिहाले सांग.
तिनं स्वतःच वकीलबाईले फोन लावला. बाई म्हणे, "आवडला म्हणून" असं शपथपत्रात चालत नाही. वंदना म्हणे, मग अज्ञान बी चालत नाही. बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं: मुलीला न विचारता, वापर माहीत नसताना, वाण म्हणून दिले. अज्ञान काढलं.

१ डिसेंबर
वंदना सही करून आली. पूनम संगं गेली होती. दोघी जाताना एका स्कूटीवर, येताना बी एका स्कूटीवर. काय बोलल्या माहीत नाही. येताना संत्री आणली, आंबट.

९ डिसेंबर
कागद गेले. आता साहेबाच्या हाती. एखादा महिना लागन, जास्त बी लागन. पूनम रोज लॅबमधून आली की फोनवर पेटंटचं पान उघडते, पाहते, बंद करते. मिहानच्या कंपनीले तिनं खरं लिहून कळवलं. त्यांचा काही जवाब नाही.

लॅबमध्ये आज पुन्हा एक तुकडा झाकणाले चिकटलेला निघाला. जुन्याच डब्यात. सापडला, पण अर्धा. मोठे डॉक्टर म्हणे चालवून घेऊ. तिनं चालवून घेतलं नाही, ज्या बाईचा तुकडा होता तिले फोन केला. सांगताना आवाज साधा होता तिचा. मग म्हणे, आजी, तू त्या साहेबाच्या खुर्चीत असती तं काय लिहिलं असतं?

मी म्हटलं, पहिल्या दिवशी विचारलं असतं तर नाही लिहून मोकळी झाली असती.
"अन् आता?"
"आता मले विचारू नको. आता मी डबा पाहातच नाही, तुले पाहते. त्या साहेबानं डबा पाहावा."
"त्यानं बी मले पाहिलं ना पण. सगळं सांगताना."
ती पाय धुवाले गेली. वंदना आतून म्हणे, पूनम, आधी जेव, मग फोन पाहाय. ती म्हणे, पाहिला आई. अजून काही नाही.